घटकाभराची धडधड

उज्जैनच्या जुन्या वस्तीत, बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिरापासून फारशा दूर नसलेल्या एका गल्लीत माझ्या आत्याचे घर आहे. आणि त्या घराच्या माडीवर एका चैत्री रात्री अडीचच्या सुमारास, काही निमित्त नसताना, दुःस्वप्न पडले म्हणावे तर तेही पडलेले नसताना, मी एकाएकी जागा झालो. छातीत कोणीतरी आतून दार ठोठावीत होते. उशीला कान टेकवावा तर तोच आवाज उशीतून परत येई, कूस बदलावी तर तो अधिकच जवळून ऐकू येई. तळहात घामेजलेले, घशाला कोरड, बोटांच्या टोकांना मुंग्या, आणि या सर्वांवर कळस म्हणजे आपली घटका भरली अशी, सरकारी मोहोर उमटलेल्या हुकुमासारखी, निःसंदिग्ध खात्री. माझी चाहूल लागून आत्या कंदिलाच्या जमान्यातल्या सवयीने भिंत चाचपीत वर आली आणि म्हणाली, “घबराट होते का रे?” माळव्यात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांत ‘घबराहट’ हा शब्द असा मराठी नेसून वावरतो. ती पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. आणि अर्धा तास उलटण्याच्या आत, जसे आले होते तसेच, ते सारे ओसरून गेले.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब पाहिला, रक्त तपासावयास पाठविले, आणि दुसऱ्या दिवशी सर्व कागद एकत्र चाळून निकाल दिला : “काही नाही, टेन्शन आहे.” त्या वर्षी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा, निवृत्तिवेतनाचे रखडलेले कागद आणि मुलीचे लग्न अशा तिहेरी तगाद्यात मी सापडलो होतो, तेव्हा निदान चूक होते असे मुळीच म्हणवणार नाही. परंतु ‘काही नाही’ हे दोन शब्द, कितीही खरे असले तरी, रोग्याच्या पदरात फार थोडे टाकतात. कारण काहीतरी झाले होते, हे ज्याच्या छातीत झाले त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परिणामी मी निर्धास्त होण्याऐवजी पहारेकरी झालो. मुलाने दिलेल्या मनगटी घड्याळात नाडीचे ठोके दिसण्याची सोय होती. तिचा उपयोग मी जेवणापूर्वी, जेवणानंतर, जिना चढताना, जिना उतरल्यावर, इतकेच नव्हे तर नुकताच उपयोग केल्यानंतरही करू लागलो. ब्याऐंशी दिसले की अठ्ठ्याऐंशी होईल अशी भीती वाटे, आणि त्या भीतीनेच ते अठ्ठ्याऐंशी होई.

माझे पाय वेधशाळेकडे वळले ते अशाच एका बेचैन दुपारी. उज्जैन ही महाकालाची नगरी असल्याचे सर्वांना ठाऊक असते. ती कालगणनेचीही नगरी होती, हे मात्र यात्रेच्या गर्दीत बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. प्राचीन ज्योतिषी आपली मध्यरेखा याच नगरीवरून गेलेली मानीत. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगाने क्षिप्रेच्या काठी ही वेधशाळा उभारली, आणि ती मोडकळीस आल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. सम्राट यंत्राच्या पायऱ्या, भिंतीवर कोरलेले भित्ती यंत्र, दिगंश यंत्राचे वर्तुळ हे सर्व पाहत मी नाडीवलय यंत्रापाशी आलो आणि नावाशीच अडखळलो. चार महिने ज्या शब्दाने माझा पिच्छा पुरविला होता तो शब्द येथे दगडात बसला होता.

अर्थात ही नाडी मनगटातली नव्हे. नाडी म्हणजे घटिका, चोवीस मिनिटे. अशा साठ नाड्यांची एक अहोरात्र. परंतु सूर्यसिद्धान्तातील कालमापनाचे कोष्टक पाहिले तर दोन नाड्यांमधील अंतर वाटते तितके मोठे राहत नाही. साठ विनाड्यांची, म्हणजे पळांची, एक नाडी. आणि सहा प्राणांचे एक पळ. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास, आपल्या गणितात चार सेकंद. म्हणजे ज्यांनी ग्रहांच्या गती मोजल्या, ग्रहणे वर्तविली, त्यांनी आकाश मोजण्याचे मूळ माप घेतले ते स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासाचे : मिनिटाला पंधरा, दिवसाला एकवीस हजार सहाशे. वर्तुळाच्या कलाही, म्हणजे अंशाचे साठावे भागही, तितक्याच, एकवीस हजार सहाशे. म्हणून आर्यभटाला म्हणता आले की, एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. स्वस्थ माणसाच्या एका प्राणात हृदयाचे साधारण पाच ठोके पडतात. हे पुढचे गणित मी तेथेच, उन्हात उभा राहून, मनाशी केले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ठोक्यांचा आकडा भीतीविना डोक्यात आला.

धडधड म्हणजे काय, हे त्यानंतर मी जरा नेटाने समजून घेतले, ते सांगतो.

हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूच्या हुकुमाची गरज नसते. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. कीथ आणि फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी तो १९०७ साली दाखवून दिला. ठोक्याची प्रत्येक लहर तेथूनच निघते. या पुंजक्याला अगदी मोकळे सोडले तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. आपण स्वस्थ असताना ठोके सत्तरीच्या घरात राहतात याचे कारण, मेंदूपासून मानेतून खाली उतरणारी ‘व्हेगस’ नावाचा एक मज्जातंतू त्याचा लगाम सतत धरून असतो. म्हणजे शांत हृदय हे ढिले सोडलेले हृदय नव्हे, आवरून धरलेले हृदय होय. संकट समोर आले की दोन गोष्टी घडतात : हा लगाम सैल होतो, आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींमधून ॲड्रेनलिन नावाचा हरकारा रक्तातून दौडत सुटतो. त्याच्याजवळ सर्व खात्यांना एकच ताकीद असते, पळा किंवा लढा. हृदय गती वाढविते, श्वास जोरात चालतो, पचनाचे दप्तर बंद होते, त्वचेला घाम सुटतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने भूक, वेदना, भय आणि क्रोध यांत शरीरात होणाऱ्या बदलांवर १९१५ साली ग्रंथ लिहून या व्यवस्थेचा प्रथमच नीट खुलासा केला.

परंतु वर्णनाचा मान द्यायचा झाला तर तो याच नगरीशी ज्याचे नाव परंपरेने जोडले आहे त्या कालिदासाला द्यावा लागेल. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरिण मान वळवून मागे पाहते, बाण लागेल या धास्तीने मागचे अंग पुढे ओढून घेते, आणि दमून उघड्या पडलेल्या त्याच्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडत जाते. चावण्याचे काम मध्येच थांबते, कारण जीव वाचविण्यापुढे पचनाला काय किंमत! कॅननच्या प्रयोगशाळेने जे सिद्ध केले ते त्या गवताच्या काड्यांत आधीच होते. भरताच्या नाट्यशास्त्रातही घाम, रोमांच, स्वरभंग, कंप, विवर्णता, अश्रू हे सात्त्विक भाव म्हणून वेगळे काढलेले आहेत, आणि ते सहसा ठरवून आणता येत नाहीत. आणि जे ठरवून आणता येत नाही ते ठरवून घालविताही येत नाही, ही त्याची दुसरी बाजू ‘मन घट्ट कर’ असे सांगणाऱ्या आपल्या आप्तांनी ध्यानात घ्यावी.

हरिणाचे आणि आपले अंतर इतकेच की हरिणामागे खरोखरच रथ असतो. आपल्यामागे असतात न्यायालयाच्या तारखा, बँकेची पत्रे, मुलांचे निकाल; या गोष्टींपासून धावून सुटका होत नाही, पण शरीराला तो भेद कळत नाही. ते बिचारे हुकमाची तामिली करून मोकळे होते, आणि वाढलेले बळ खर्ची न पडल्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या नुसते धडधडत राहते. दिवसाच्या गडबडीत हे जाणवत नाही. रात्री डाव्या कुशीवर निजले असता हृदय छातीच्या भिंतीला अधिक जवळ येते, भोवताली सामसूम असते, आणि मग तेच ठोके नगाऱ्यासारखे वाजतात.

याला मनोदौर्बल्य म्हणण्याचा मोह होतो, म्हणून एक जुनी हकीकत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील डॉक्टर जेकब दा कोस्टा याच्याकडे तरणेताठे शिपाई छातीतील धडधड, धाप आणि थकवा यांची तक्रार घेऊन येत, आणि त्यांच्या हृदयात दोष सापडत नसे. अशा तीनशेहून अधिक शिपायांचा अभ्यास करून त्याने १८७१ साली लेख प्रसिद्ध केला आणि त्या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात हीच तक्रार हजारो सैनिकांत पुन्हा दिसली. तोफांच्या तोंडी उभ्या राहिलेल्या माणसांना भेकड ठरविणे अवघड गेले, म्हणून का होईना, या धडधडीकडे वैद्यकाने थोड्या आदराने पाहावयास आरंभ केला. घरच्या सुनेला किंवा परीक्षेला बसलेल्या मुलाला तो आदर अजूनही क्वचितच मिळतो.

मराठीत आपण ‘काळजाचा ठोका चुकला’ असे म्हणतो, आणि ते शब्दशः घडते. एखादा ठोका वेळेच्या आधीच पडतो. तो पोकळ असतो, जाणवतही नाही. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते, त्या विसाव्यात त्यात अधिक रक्त साठते, आणि पुढचा ठोका धाडकन आदळतो. आपल्याला जाणवतात ते हा थांबा आणि हा दणका. असे अकाली ठोके बहुतेक निरोगी माणसांतही कधीमधी पडतात. जागरण, चहा, तंबाखू, चिंता यांनी वाढतात. आणि हृदय मुळात निकोप असेल तर प्रायः निरुपद्रवी असतात.

‘मुळात निकोप असेल तर’ या शब्दांवर मात्र अडून बसले पाहिजे. धडधड चिंतेची आहे हा निष्कर्ष तपासणीनंतर काढावयाचा असतो, तपासणीऐवजी नव्हे. धडधडीबरोबर शुद्ध हरपली किंवा हरपू लागली, छातीत दुखले, धाप लागली, श्रम करीत असतानाच धडधड सुरू झाली, घराण्यात कोणी ऐन तारुण्यात अकस्मात दगावले असेल, पूर्वीचा हृदयविकार असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. कळ दाबल्यासारखी एकदम सुरू होणारी आणि तशीच एकदम थांबणारी, दीडशेच्या वर जाणारी गती ही पुष्कळदा हृदयातील विद्युत्‌मार्गाच्या दोषाने होते, आणि विशेषतः तरुण स्त्रियांत तिला वर्षानुवर्षे ‘घाबरटपणा’ म्हणून खपविले जाते. वृद्धांची नाडी वेळी-अवेळी, कोणताही ताल न धरता पडू लागली तर तेही दाखविलेच पाहिजे. धडधड डॉक्टरांसमोर उठत नाही, हे तर तिचे व्रतच. म्हणून चोवीस तास अंगावर बाळगावयाचे होल्टर नावाचे यंत्र लावतात. आणि साधे रक्त तपासून पांडुरोग आहे काय, अवटु ग्रंथी अधिक काम करीत आहे काय, हे पाहतात. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के पांडुरोगी आढळल्या. रक्तच पातळ असेल तर हृदयाने अधिक फेऱ्या माराव्यात यात त्याचा काय अपराध? तेथे मनाचे समुपदेशन नव्हे, लोहाच्या गोळ्या लागतात.

स्थानिक दोष एक-दोन सांगितले पाहिजेत. महाकालाच्या शृंगारात भांग असते, आणि या शहरात भांगेकडे व्यसन म्हणून पाहण्याची रीत नाही. परंतु भांगेने हृदयाची गती निश्चित वाढते, आणि अननुभवी यात्रेकरूला ठंडाईच्या दुसऱ्या पेल्यानंतर जो मृत्यूचा साक्षात्कार होतो त्यात आध्यात्मिक भाग थोडाच असतो. वैशाखातले माळव्याचे ऊन, निर्जळ उपवास, आणि भल्या पहाटेच्या भस्मारतीसाठी केलेले जागरण ही तिन्ही एकत्र आली की शरीरातील पाणी आटते आणि नाडी आपोआप धावू लागते. २०२८ साली सिंहस्थ आहे. तेव्हा येणाऱ्यांनी भक्ती यथेच्छ करावी, पण पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

तपासणी झाली, हृदय निकोप ठरले, तरी धडधड येतेच. मग काय करावे? येथे मला जे कळले त्याचे सार चमत्कारिक वाटेल : धडधड घालविण्याचा खटाटोप करू नये. ठोका जाणवतो; ‘हा झटका तर नव्हे?’ अशी शंका येते. शंकेने ॲड्रेनलिन सुटते. त्याने ठोके वाढतात. वाढलेले ठोके शंकेचा पुरावा म्हणून रुजू होतात. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असलेला हा दावा कधी निकालात निघावा? वारंवार नाडी पाहणे, पुनःपुन्हा आलेख काढून घेणे, ‘मला काही होणार नाही ना?’ असे घरच्यांना विचारीत राहणे, या सर्वांनी तात्पुरता दिलासा मिळतो आणि दाव्याची मुदत वाढते. मी घड्याळ काढून आत्याच्या कपाटात ठेवले, तेव्हा पहिले तीन दिवस व्यसन सुटल्यासारखे गेले.

दुसरी गोष्ट श्वासाची. भीतीत माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो, रक्तातील कर्बवायू कमी होतो, आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती उतरते, कारण उच्छ्वासात व्हेगसचा लगाम आवळला जातो; म्हणून उच्छ्वास लांबवावा. चार अंक मोजीत नाकाने घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा. असे मिनिटाला सहा श्वास होतात. ज्योतिष्यांच्या मापात सांगायचे तर एकेक श्वास अडीच प्राणांचा. पाच-दहा मिनिटे पुरेत, आणि सराव स्वस्थ असताना करावा. विहिरीत पडल्यावर पोहणे शिकता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत गुणकारी. धडधड होईल या भयाने माणूस जिने टाळतो, गर्दी टाळतो, एकटे बाहेर जाणे टाळतो, आणि त्याचे जग अंगणाएवढे होते. मानसोपचारात आता उलट मार्ग घेतात : डॉक्टरांची अनुज्ञा घेऊन मुद्दाम भरभर जिना चढावा, धडधड आपणच निर्माण करावी, आणि ती ओसरेपर्यंत तिच्या सहवासात बसावे. दहा वेळा असे केले की छातीतला आवाज आणि मृत्यू यांची जी गाठ मनाने बांधलेली असते ती सैल पडू लागते. मी यासाठी क्षिप्रेवरील रामघाटाच्या पायऱ्या निवडल्या. तेथे धापा टाकणारा माणूस कोणाच्याही नजरेत भरत नाही.

एवढ्याने भागले नाही, झटके वारंवार येऊ लागले, झोप आणि कामधंदा विस्कटला, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच धरू नये. विचारांची दिशा बदलणारी उपचारपद्धती आहे, दीर्घकाळ घ्यावयाची औषधे आहेत; हृदयाची गती आवरणारी प्रोप्रॅनोलोलसारखी गोळीही आहे, परंतु दमेकऱ्याला ती घातक ठरू शकते, तेव्हा शेजाऱ्याच्या डबीतून ती उचलू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी रात्री-अपरात्रीही लागतो, आणि अडीच वाजता ज्याच्या घरी आत्या नसेल त्याने तो जवळ लिहून ठेवावा.

लग्नघरी पूर्वी पाण्यावर घटिकापात्र सोडीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू भरे, आणि बुडाली म्हणजे एक घटिका झाली. भीतीचा झटका सामान्यतः दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि वीस-तीस मिनिटांत उतरतो, म्हणजे त्याचे आयुष्य साधारण एका वाटीचे. आपली घटका भरली असे ज्याला त्या वेळी वाटते, त्याचे वाटणे एका अर्थाने बरोबर असते. फक्त भरत असते ती झटक्याची घटका.

गेल्या श्रावणात पुन्हा उज्जैनला गेलो असता पुन्हा तीच माडी होती आणि जवळपास तीच वेळ. जाग आली, छातीत नगारा होता. उठून बसलो, पाणी प्यालो, खिडकी उघडली. पावसाने धुतलेल्या गल्लीतून आरतीला निघालेली माणसे अनवाणी जात होती, त्यांतली एक म्हातारी आपल्या नातवाला छत्री नीट धरावयास बजावीत होती. त्या दोघांचे भांडण कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिले. सकाळी आत्याने विचारले, “रात्री उठला होतास ना? किती होती नाडी?”

“पाहिली नाही,” मी म्हणालो.

तिने कपबशी पुढे केली. चहा अर्धाच होता.